बिअरच्या इतिहासांतील दोन कागद व एक आख्यायिका

जुना कागद हातीं आला म्हणजे त्याचा काळ शक्य तितका मागें नेण्याचा मोह संग्राहकास होतो, आणि तो मोह आवरणें हें संशोधकाचें पहिलें काम होय, हें ह्या त्रैमासिकाच्या वाचकांस नव्यानें सांगावयास नको. वतनाच्या भांडणांत पुढें केलेले बनावट महजर, शिक्का खरा पण मजकूर मागाहून भरलेला अशा सनदा, मजकूर खरा पण अर्थ भलताच लावलेला अशीं पत्रें, हा सर्व प्रकार आपल्या दप्तरांत काम करणाऱ्यांच्या चांगलाच परिचयाचा आहे. तथापि हा रोग केवळ आपल्याच दप्तरांस जडला आहे असें नाहीं. युरोपांतील एका अगदीं घरगुती पेयाच्या, म्हणजे बिअरच्या, इतिहासांत तो इतका खोल मुरला आहे कीं, त्या पेयाची जन्मकथा म्हणून बाटल्यांवर व ग्रंथांतून जें छापलें जातें, त्यांतील पुष्कळसा भाग कागदाच्या कसोटीस उतरत नाहीं. विषय वरवर पाहतां क्षुद्र वाटेल. परंतु ह्याच विषयावर युरोपांतील वरिष्ठ न्यायालयांत खटले लढले गेले आहेत, आणि एका जुन्या कलमाच्या चुकीच्या वाचनामुळें एका लहान कारखानदारास आपल्या मालाचें नांव मिळविण्यासाठीं दहा वर्षांहून अधिक काळ भांडावें लागलें आहे. म्हणून ह्या चिकित्सेस प्रयोजन आहे.

बिअर म्हणजे काय, हें प्रथम स्पष्ट केलें पाहिजे. सातू पाण्यांत भिजवून त्यास मोड आणावयाचे. मोड आलेला सातू भट्टींत वाळवून वा भाजून घ्यावयाचा. तो भरडून ऊन पाण्यांत कालवावयाचा, म्हणजे धान्यांतील पिठाची साखर होते. तें गोड पाणी गाळून घेऊन हॉप नांवाच्या वेलीच्या फुलांबरोबर उकळावयाचें, निववावयाचें, आणि किण्व घालून आंबवावयाचें. एवढीच ह्या पेयाची कृति. ती सर्व देशांत मूलतः एकच असतां बव्हेरियाची बिअर एक, इंग्लंडची दुसरी आणि बेल्जमची तिसरी असा भेद कां पडावा? ह्या प्रश्नाचें उत्तर जो तो आपल्या आवडत्या पेयाच्या अभिमानानें देतो. एक म्हणतो, आमच्या मठाच्या प्राचीन सनदेमुळें. दुसरा म्हणतो, आमच्या ड्यूकांच्या कायद्यामुळें. तिसरा म्हणतो, आमच्या अमुक कारखानदाराच्या कल्पकतेमुळें. ह्या तिन्ही उत्तरांचीं साधनें प्रस्तुत लेखांत क्रमानें तपासावयाचीं आहेत. पहिल्या उत्तरांत कागद खोटा आहे. दुसऱ्यांत कागद खरा, पण त्याचा अर्थ खोटा आहे. तिसऱ्यांत तर कागदच नाहीं.

(१)

बव्हेरियांत म्यूनिकच्या उत्तरेस फ्राइझिंग म्हणून गांव आहे. त्याच्या टेकडीवर वाइहेनस्टेफान नांवाचा बेनेडिक्टी पंथाचा मठ होता. १८०३ सालीं त्या देशांतील मठ खालसा झाले, तेव्हां हाही गेला आणि त्याची बिअरची भट्टी सरकारच्या ताब्यांत आली. ती आजही बव्हेरिया राज्याच्या मालकीची आहे, आणि 'जगांतील सर्वांत जुनी भट्टी' हें बिरुद मिरविते. ह्या बिरुदाचा आधार म्हणजे इ. स. १०४० ची एक सनद. आर्नोल्ड ह्या मठाधिपतीस त्या वर्षीं बिअर करण्याचा व विकण्याचा हक्क मिळाला, असें तीवरून सांगितलें जातें.

ही सनद अकराव्या शतकांतील नव्हे. ती सतराव्या शतकांत तयार झालेली आहे, असा अभ्यासकांचा निर्णय आहे. बनावट सनद कां निर्माण होते, हें आपणांस वतनाच्या निवाड्यांवरून ठाऊक आहे. ज्या हक्काविषयीं कोणी विचारीत नाहीं, त्याचा कागद कोणी बनवीत नाहीं. बव्हेरियांत सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून बिअरचें उत्पन्न हें राजसत्तेच्या खजिन्याचें एक मोठें अंग होऊं लागलें होतें. अशा वेळीं जुन्या मठास आपला हक्क अनादि आहे असें दाखविण्याची निकड भासली असल्यास नवल नाहीं. हा आमचा तर्क आहे, पुरावा नव्हे. परंतु कागद कोणाच्या फायद्याचा होता हा प्रश्न येथेंही विचारल्यावांचून सुटका नाहीं.

ह्याहून मागें जाण्यासाठीं आणखी एक आधार दाखविला जातो. ७६८ सालच्या एका लेखांत ह्या परिसरांतील एका हॉपच्या बागेचा उल्लेख असून, तिचा दशमांश मठाकडे येत असे. हें खरें धरलें तरी त्यावरून मठांत बिअर होत होती असें सिद्ध होत नाहीं. बाग होती एवढेंच सिद्ध होतें. तिच्या फुलांचें पुढें काय झालें तें लेख सांगत नाहीं. उलट, ८२२ सालीं फ्रान्समधील कॉर्बी मठाच्या आडलहार्ड ह्या अधिपतीनें मठाच्या व्यवस्थेचे जे नियम लिहून ठेविले, त्यांत बिअरसाठीं हॉप गोळा करण्याची गोष्ट स्पष्ट आली आहे. ज्या कागदांत वस्तूचा उपयोगही सांगितलेला आहे, तो कागद पन्नास वर्षांनीं अलीकडचा असला तरी ह्या प्रश्नापुरता अधिक मोलाचा होय. पण कॉर्बीच्या नांवाचें बिरुद कोणत्याही बाटलीवर नाहीं, म्हणून तो नियम अभ्यासकांबाहेर फारसा कोणास ठाऊक नाहीं. कागदाची कीर्ति आणि कागदाचें मोल ह्या दोन वस्तु कशा वेगळ्या आहेत, ह्याचें हें उत्तम उदाहरण आहे.

बनावट सनद फेंकून द्यावी असें मात्र आमचें म्हणणें नाहीं. १०४० विषयीं ती कांहीं सांगत नाहीं; पण सतराव्या शतकांतील लोकांस १०४० सालाची गरज कां वाटली, ह्याविषयीं ती अस्सल साक्षीदार आहे. खोटा कागदही आपल्या स्वतःच्या काळाविषयीं खरें बोलतो. फक्त त्यास तो प्रश्न विचारावा लागतो.

(२)

दुसरा कागद अस्सल आहे. त्याविषयीं वाद नाहीं. २३ एप्रिल १५१६ रोजीं इंगोलश्टाट येथें बव्हेरियाचे ड्यूक चौथा विल्हेल्म व दहावा लुडविग ह्या दोघां बंधूंनीं देशाच्या कारभाराची एक विस्तृत नियमावली जाहीर केली. तींत बिअरविषयीं एक कलम आहे. बिअर करतांना सातू, हॉप आणि पाणी ह्यांवांचून दुसरें कांहींएक वापरूं नये, अशा आशयाचें एक वाक्य त्या कलमांत येतें. हेंच पुढें 'राइनहाइट्सगेबोट', म्हणजे शुद्धतेचा दंडक, म्हणून जगभर गाजलें. आणि जर्मन बिअरची थोरवी ह्या एका आज्ञेंत आहे, ती आज्ञा तेव्हांपासून अखंड पाळली गेली, आणि अन्नशुद्धीचा हा जगांतील आद्य कायदा होय, असें सांगण्याचा प्रघात पडला.

आतां कलम जसें आहे तसें वाचूं. त्यांत प्रथम येतो तो भाव. सेंट मायकेलच्या सणापासून सेंट जॉर्जच्या सणापर्यंत, म्हणजे २९ सप्टेंबर ते २३ एप्रिल, एक माप बिअर म्यूनिकच्या एका फेनिगहून अधिक दरानें विकूं नये. पुढील उन्हाळ्याच्या महिन्यांत दोन फेनिगहून अधिक घेऊं नयेत. आज्ञा मोडणाऱ्याचें पिंप जप्त करावें. कलमाचा मोठा भाग ह्या भावाच्या बंदोबस्तानें व्यापलेला आहे. सातू, हॉप व पाणी हें वाक्य त्या मजकुराच्या मध्यें येतें, आणि त्यांत 'शुद्ध' असा शब्दच नाहीं. सातूच कां, ह्याचें कारणही कागद देत नाहीं. गहूं व राय हीं धान्यें भाकरीसाठीं राखून ठेवावीं, त्यांची मागणी भट्ट्यांनीं वाढवूं नये, असा हेतु असावा, हें अभ्यासकांचें अनुमान सयुक्तिक दिसतें. कारण तें कलमांतील भावाच्या नियमाशीं जुळतें. अशा रीतीनें पाहिलें असतां हें कलम आपल्याकडील निरखनाम्याच्या जातीचें ठरतें.

आद्यत्वाचा दावाही टिकत नाहीं. म्यूनिक शहरांत १४८७ सालीं, आणि लांड्सहूटच्या ड्यूकच्या मुलखांत १४९३ सालीं असेच हुकूम निघाले होते. १९९८ सालीं थुरिंगिया प्रांतांतील वाइसनझे गांवीं १४३४ चा एक मद्यगृहविषयक नियम उजेडांत आला. त्यांतही हॉप, मोड आणलेलें धान्य व पाणी एवढेंच वापरावें असें आहे. तो सांपडतांच थुरिंगियाच्या लोकांनीं बव्हेरियाच्या आधींचा मान आपणांकडे घेतला, हें सांगावयास नको. एका कागदाच्या अभिमानास उत्तर म्हणून दुसरा कागद पुढें येतो, परंतु अभिमानाची जात बदलत नाहीं.

आज्ञा अखंड पाळली गेली हेंही खरें नाहीं. १५५१ च्या आज्ञेनें कोथिंबिरीचें बीं, म्हणजे धने, व लॉरेलचीं पानें घालण्यास मोकळीक दिली; १६१६ च्या नियमावलीनें मीठ, जुनिपरचीं फळें व शहाजिऱ्यासारखें एक बीं ह्यांस मुभा दिली. गव्हाची गोष्ट तर ह्याहून बोलकी आहे. १५४८ सालीं डेगेनबर्ग ह्या सरदार घराण्यास गव्हाची बिअर करण्याचा खास हक्क मिळाला. १६०२ सालीं तें घराणें निर्वंश झालें, तेव्हां ड्यूक पहिला मॅक्सिमिलियन ह्यानें तो हक्क स्वतःकडे घेतला, आणि गव्हाच्या बिअरचा मक्ता राजघराण्यास दीर्घकाळ मोठें उत्पन्न देत राहिला. ज्या घराण्यानें प्रजेस सातूवांचून दुसरें धान्य वापरूं नका म्हणून बजाविलें, त्याच घराण्यानें गव्हाची बिअर विकून खजिना भरला. शुद्धता हाच कायद्याचा प्राण असता तर हें घडतें ना.

आणि 'राइनहाइट्सगेबोट' हा शब्द? तो १५१६ च्या कागदांत नाहीं. तो प्रथम आढळतो ४ मार्च १९१८ रोजीं, बव्हेरियाच्या विधिमंडळांतील एका भाषणांत. म्हणजे ज्या नांवानें हा कायदा पांचशें वर्षांचा म्हणून मिरविला जातो, तें नांव कायद्याहून चारशें वर्षांनीं लहान आहे. आधुनिक नांव जुन्या वस्तूस चिकटविलें म्हणजे त्या नांवाचा अर्थही नकळत जुन्या वस्तूंत शिरतो. आपल्या इतिहासलेखनांतही हा दोष वारंवार घडतो, म्हणून तो येथें विशेष दाखविला.

ह्या वाचनाचे परिणाम मात्र अगदीं अलीकडचे व खरे आहेत. १९०६ सालीं हा नियम सर्व जर्मन साम्राज्यास लागू झाला. बव्हेरियाबाहेर वरच्या आंबवणीच्या बिअरींत साखर घालण्यास मात्र सवड ठेविली गेली. पुढें परदेशची बिअर ह्या नियमांत बसत नाहीं म्हणून 'बिअर' ह्या नांवानें ती जर्मनींत विकूं देत नसत. हें व्यापाराच्या मोकळीकीस बाधक आहे, असा निकाल १२ मार्च १९८७ रोजीं युरोपीय न्यायालयानें दिला. त्यामुळें परदेशी मालाची वाट मोकळी झाली. देशांतील कारखानदारांवर नियम तसाच राहिला. मग पूर्व जर्मनींतील नॉइत्सेले येथील जुन्या मठाच्या भट्टीची पाळी आली. तिची काळी बिअर शेवटीं साखरेचा पाक घालून गोड केलेली असल्यामुळें तीस बिअर म्हणतां येणार नाहीं, असें सरकारी अधिकाऱ्यांनीं ठरविलें. १९९० नंतरच्या दशकांत सुरू झालेला हा वाद २००५ सालीं वरिष्ठ प्रशासकीय न्यायालयानें भट्टीच्या बाजूनें निकाल देईपर्यंत चालला. एक माप बिअर स्वस्त मिळावी म्हणून लिहिलेल्या कलमाच्या नांवावर पांच शतकांनंतर एका कारखान्यास आपल्या मालाचें नांवच नाकारलें जावें, हा अर्थाचा अनर्थ नव्हे तर काय? जुना कागद निरुपद्रवी असतो असें ज्यांस वाटतें, त्यांनीं ही हकीकत ध्यानांत ठेवावी.

(३)

तिसरी गोष्ट आपल्या देशाच्या नांवाची आहे. 'इंडिया पेल एल' नांवाची इंग्लंडची एक फिकट रंगाची कडवट बिअर प्रसिद्ध आहे. तिची रूढ कथा अशी : हिंदुस्थानांतील इंग्रजांस मायदेशची बिअर प्रवासांत नासल्यामुळें मिळत नसे, लंडनच्या जॉर्ज हॉजसन ह्या कारखानदारानें सुमारें १७९० सालीं तींत मद्यार्क व हॉप ह्यांचें प्रमाण वाढवून नवीन पेय शोधून काढलें, तें आफ्रिकेच्या टोंकास वळसा घालून सुखरूप पोंचलें, पुढें १८२७ च्या सुमारास हिंदुस्थानास निघालेलें एक जहाज आयर्लंडच्या समुद्रांत फुटलें, त्यावरील पिंपें लिलावांत विकलीं गेलीं, आणि इंग्लंडांतील लोकांस ह्या पेयाची गोडी लागली.

कथा रचनेच्या दृष्टीनें सुबक आहे. तींत अडचण आहे, शोधक आहे, समुद्र आहे व अपघातही आहे. परंतु हॉजसन हा ह्या पेयाचा जनक होय ही गोष्ट ग्रंथांत येते ती १८६९ सालीं, विल्यम मॉलिनो ह्याच्या बर्टन गांवाच्या इतिहासांत. म्हणजे घटना घडली म्हणतात त्यानंतर जवळजवळ ऐशीं वर्षांनीं. समकालीन पुरावा काय म्हणतो? मार्टिन कॉर्नेल ह्या इंग्रज ग्रंथकारानें वर्तमानपत्रांतील जुन्या जाहिराती व व्यापारी उल्लेख तपासून ह्या प्रश्नाचा छडा लाविला; त्याच्या 'अँबर, गोल्ड अँड ब्लॅक' ह्या २०१० च्या ग्रंथांत त्याचे निष्कर्ष आले आहेत. हॉजसननें कांहीं नवीन शोधलें असें दाखविणारा एकही पुरावा त्यास आढळला नाहीं. बिअर अठराव्या शतकाच्या आरंभापासून हिंदुस्थानांत येत होती व पुष्कळदां चांगल्या स्थितींत पोंचत होती. उष्ण देशांत पाठवावयाच्या बिअरींत हॉप अधिक घालावा, हें इंग्लंडांतील कारखानदारांस १७६० नंतरच्या दशकांतच ठाऊक होतें. मद्यार्काविषयीं म्हणाल तर ही एल त्या काळच्या मानानें कडक नव्हतीच. शेंकडा सहा-साडेसहा हें तिचें प्रमाण त्या वेळच्या कित्येक बिअरींहून कमीच होतें. शिवाय पोर्टर नांवाची काळी बिअरही ह्याच समुद्रांतून येत होती. साहेबलोक व अधिकारी फिकट एल पीत असतांना पलटणींतील गोरे शिपाई एकोणिसाव्या शतकभर पोर्टरच पीत होते. काळ्या बिअरला प्रवास सोसत नव्हता म्हणून फिकट बिअर जन्मली, ह्या म्हणण्यास मग कोठें जागा उरते?

तर मग हॉजसनचें नांव झालें कां? त्याचें उत्तर कल्पकतेंत नसून भूगोलांत व उधारींत आहे. त्याची भट्टी लंडनच्या पूर्वेस बो येथें ली नदीच्या कांठीं होती. तेथून कंपनीचीं जहाजें जेथें लागत तो ब्लॅकवॉलचा धक्का जवळच होता. कंपनीच्या जहाजांवरील कप्तान व अधिकारी ह्यांस स्वतःच्या खाजगी व्यापारासाठीं कांहीं माल नेण्याची मुभा असे, आणि हॉजसन त्यांस वर्ष-दीड वर्षाची उधारी देई. जवळचा माल, दीर्घ मुदत आणि इकडे येणाऱ्या जहाजांचें अल्प नूर, एवढ्यानें त्याची बिअर कलकत्ता, मद्रास व मुंबई ह्या बंदरांस पोंचली. तो जी 'ऑक्टोबर बिअर' पाठवी ती इंग्लंडांत नवीन नव्हती. खेड्यांतील जमीनदारांच्या तळघरांत ती दोन-दोन वर्षें मुरत ठेवीत. चार ते सहा महिन्यांचा हेलकाव्यांचा व दोनदां विषुववृत्त ओलांडण्याचा प्रवास तिला तळघरांतील वर्षांइतकाच मुरवी, ही गोष्ट कोणीं योजिली नव्हती, ती घडली.

पुढें हॉजसनच्या वारसांनीं भाव चढवून व उधारी आंखडून व्यापाऱ्यांस दुखविलें. त्याच सुमारास बर्टन गांवच्या कारखानदारांचा रशियाकडील व्यापार बुडाला होता. १८२२ च्या सुमारास सॅम्युएल ऑलसॉप ह्यानें हॉजसनच्या नमुन्याबरहुकूम एल करून हिंदुस्थानास पाठविली, आणि बास वगैरे त्याच्या मागें आले. पहिला प्रयोग चहाच्या किटलींत झाला अशीही एक गोष्ट सांगतात. ती सुरस आहे, एवढेंच तिच्याविषयीं म्हणतां येईल. नांवाची गोष्ट तर अधिकच मौजेची आहे. 'ईस्ट इंडिया पेल एल' हा शब्दप्रयोग आजवर आढळलेल्या पुराव्यांत प्रथम दिसतो तो कलकत्त्यास नव्हे कीं लंडनास नव्हे, तर १८२९ सालीं सिडनीच्या एका वर्तमानपत्रांतील जाहिरातींत. इंग्लंडांत १८३५ सालीं लिव्हरपूलच्या पत्रांत हें नांव येतें. जहाज फुटल्याच्या कथेस १८२७ च्या वर्तमानपत्रांत आधार मिळत नाहीं. १८३९ च्या जानेवारींतील मोठ्या तुफानांत 'क्रूसेडर' नांवाचें जहाज ब्लॅकपूलजवळ फुटलें व त्यावर बास व ऑलसॉप ह्यांची एल होती, हें खरें. पण तोंवर ही एल इंग्लंडांत विकली जाऊं लागलीच होती. एक खरी घटना बारा वर्षें मागें सरकली आणि तिला कारणाचें रूप आलें, असें दिसतें. बखरींतून हा प्रकार आपण कितीदां पाहतों!

(४)

तिन्ही उत्तरें अशीं बाजूस सारल्यावर मूळ प्रश्न उरतोच : देशोदेशींच्या बिअरींत भेद कां पडला? त्याचें उत्तर पाणी, आंच, किण्व आणि कर ह्या चार गोष्टींत बरेंचसें मिळतें.

पाण्याचें पहा. बर्टनच्या विहिरींच्या पाण्यांत जिप्सम फार. त्यानें हॉपची कडवट चव स्पष्ट व कोरडी उतरते, आणि बिअर स्वच्छ निवळते. म्हणूनच हॉजसनचा नमुना बर्टनास अधिक साधला. बोहेमियांतील प्ल्झेनचें पाणी अत्यंत मृदु. तेथें फिकट व नाजूक बिअर उतरते. म्यूनिक व डब्लिन येथील चुनखडीच्या पाण्यांत गडद भाजलेल्या धान्याची बिअर चांगली साधते, म्हणून त्या शहरांची जुनी कीर्ति गडद बिअरची आहे. ह्यांत कोणाची प्रतिभा नाहीं. जमिनीखालचा दगड आहे.

आंचेचें पहा. लांकडाच्या जाळावर वाळविलेला सातू तपकिरी व धुरकट होतो. कोक वापरूं लागल्यावर इंग्लंडांत फिकट माल्ट होऊं लागलें. १८३३ सालीं म्यूनिकचा गाब्रिएल सेडलमायर व व्हिएन्नाजवळचा आंटोन ड्रेहर हे दोघे तरुण इंग्लंड-स्कॉटलंडांत हिंडून तेथील भट्ट्यांचीं रहस्यें शिकले. पोकळ काठींतून नमुनेही त्यांनीं चोरून नेले. १८४२ सालीं योझेफ ग्रोल ह्या बव्हेरियन माणसानें प्ल्झेन येथें इंग्लिश पद्धतीनें वाळविलेलें फिकट माल्ट, बोहेमियाचा हॉप, तेथील मऊ पाणी आणि बव्हेरियाची थंड आंबवण एकत्र करून सोनेरी बिअर केली. आज जगांत सर्वाधिक अनुकरण तिचेंच होतें. तीन देशांच्या देण्यांवांचून ती झाली नसती. राष्ट्रीय म्हणून मिरविलेलें पेय असें बहुधा परस्परांच्या घरून आणलेल्या सामानाचें असतें.

किण्वाचें पहा. उष्णतेंत काम करून फेंसाबरोबर वर येणारें किण्व इंग्लंडांत व बेल्जमांत राहिलें. थंडींत हळू काम करून तळाशीं बसणारें बव्हेरियांत रुजलें. बव्हेरियांत १५५३ च्या आज्ञेनें उन्हाळ्यांत बिअर करण्यास बंदी झाली, म्हणून थंडीचें किण्वच तेथें टिकलें. पाहिलें तर बव्हेरियाच्या बिअरीस तिचें रूप १५१६ च्या गाजलेल्या वाक्याइतकेंच, किंबहुना त्याहून अधिक, ह्या कमी गाजलेल्या आज्ञेनें दिलें. किण्व हा सजीव पदार्थ असून त्याचे प्रकार बिअरचे गुणदोष ठरवितात, हें पाश्चरच्या १८७६ च्या ग्रंथानें पुढें मांडलें, आणि १८८३ सालीं कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेंत हान्सेन ह्यानें एकाच पेशीपासून वाढविलेलें शुद्ध किण्व कारखान्यांत वापरलें. ब्रुसेल्सच्या आसमंतांतील लांबिक मात्र अजूनही ह्या सर्वांच्या बाहेर आहे. तेथें गव्हासातूचा काढा उथळ उघड्या हौदांत रात्रभर निवत ठेवितात, हवेंतलें व लांकडांतलें किण्व त्यांत आपोआप शिरतें, आणि तो पिंपांत वर्षानुवर्षें मुरतो.

शेवटीं कर. बेल्जमच्या मुलखांत १८२२ च्या कायद्यानें धान्य कालविण्याच्या पिंपाच्या आकारावर कर बसविला. म्हणून भट्टीवाल्यांनीं लहान पिंपें ठासून भरलीं, आणि त्या गढूळ काढ्यास सोईच्या रीती बसल्या. इंग्लंडांत माल्टवर कर होता. १८४७ पर्यंत साखर वापरूं देत नसत, आणि १८८० सालीं ग्लॅडस्टननें माल्टवरील कर काढून बिअरवर बसविला तेव्हां कारखानदारांस हवें तें धान्य वापरण्याची मोकळीक मिळाली. प्रत्येक देशाची चव ही अशी त्याच्या जमाखर्चाच्या वह्यांतून बरीचशी वाचतां येते. कीर्तिमान सनदांपेक्षां करवसुलीचे नीरस कागद इतिहासास अधिक उपयोगी पडतात, हा आपलाही अनुभव आहे.

(५)

दुसऱ्यांच्या घरचे दोष दाखविल्यावर आपल्या घराकडे पाहणें प्राप्त आहे. १९०५ सालीं तंजावर प्रांतांतील एका पंडिताकडून म्हैसूरच्या प्राच्य ग्रंथालयांत आलेलें आणि १९०९ सालीं शामशास्त्री ह्यांनीं छापून प्रसिद्ध केलेलें कौटिलीय अर्थशास्त्राचें हस्तलिखित सर्वांस विदित आहे. त्यांतील सुराध्यक्षाच्या प्रकरणांत 'मेदक' नांवाच्या तांदुळाच्या मद्याची कृति मापासह दिली आहे : एक द्रोण पाणी, अर्धा आढक तांदूळ, तीन प्रस्थ किण्व. किण्व कसें करावें तेंही पुढें सांगितलें आहे; उडीद, तांदूळ व मोरट वगैरे वनस्पति त्यांत येतात. इंगोलश्टाटच्या कलमांत किण्वाचा उच्चारही नाहीं, आणि येथें तें मापून सांगितलें आहे. येथें आमच्यांतील एखादा अभिमानी लगेच म्हणेल कीं, पाश्चरच्या शोधाआधीं दोन हजार वर्षें आमच्या पूर्वजांस किण्वाचें शास्त्र अवगत होतें.

हें म्हणणें वाइहेनस्टेफानच्या सनदेइतकेंच टाकाऊ आहे. अर्थशास्त्रांतील किण्व हें विरजणासारखें आंबवणीचें मिश्रण होय. त्याचा उपयोग ठाऊक असणें म्हणजे त्यांतील जीव ठाऊक असणें नव्हे. ग्रंथाचा काळही वादग्रस्त आहे. त्या प्रकरणाचें खरें मोल ह्याहून निराळें व मोठें आहे : मद्याची कृति राज्याच्या कारभाराचा भाग म्हणून मापासह लिहून ठेवणारी एक व्यवस्था त्यांत दिसते, आणि तिची तुलना बव्हेरियाच्या दरपत्रकाशीं करतां येते. जो कागद जें सांगतो तेंच त्याच्याकडून घेतलें, तर तो पुष्कळ देतो. जास्त मागितलें कीं तो खोटें बोलूं लागतो.

ज्यांच्या संग्रहीं जुने कागद आहेत त्यांनीं प्रत्येक कागदाबरोबर तीन प्रश्नांचीं उत्तरें टिपून ठेवावीं, एवढीच ह्या लेखाच्या शेवटीं विनंति आहे. कागद प्रथम कोणी व कधीं पुढें आणला? त्यापासून त्या वेळीं कोणाचा लाभ होता? आणि ज्या शब्दानें आज आपण त्यास ओळखतों, तो शब्द त्या कागदांत आहे काय? वर तपासलेल्या तिन्ही गोष्टी ह्याच तीन प्रश्नांपुढें उघड्या पडल्या. पिणाऱ्यास आपली बिअर ह्यामुळें कमी आवडेल असें नाहीं. बर्टनचें पाणी व प्ल्झेनचें पाणी होतें तेथेंच आहे. परंतु ज्या अनामिक भट्टीवाल्यांनीं, कप्तानांनीं, उधारीवर माल देणाऱ्या व्यापाऱ्यांनीं आणि करवसुलीच्या कारकुनांनीं हीं पेयें खरोखर घडविलीं, त्यांचें देणें एका शोधकाच्या वा एका ड्यूकच्या नांवावर जमा करणें हा अन्याय आहे, आणि तो दूर करणें हें आपलें काम आहे.